अ‍ॅल्युमिनियमला स्टीलचा बोल्ट लावताना गंज कसा टाळायचा?

आमच्या अक्कलकोटला समुद्र नाही, पण गच्चीवर सोलर पॅनल आहेत. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. शिडाच्या बोटीच्या डोलकाठीवरही बऱ्याचदा हीच जोडी असते.

मग अडचण काय? दोन वेगळे धातू टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं, की छोटी बॅटरीच तयार होते. त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम; स्टील चकचकीतच राहतं. भोकाभोवती पांढरी पावडर दिसली, की समजा सुरुवात झाली. पुढे पकड सुटते, नाहीतर बोल्ट कायमचा जाम होतो. आमच्या कोरड्या हवेत हे हळू होतं; मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात लवकर.

डोलकाठीवर काय कराल?
१. स्टीलच्या पट्टीखाली नायलॉन किंवा प्लास्टिकची चकती घाला.
२. आट्यांना गंजरोधक पेस्ट लावा. तांबं किंवा ग्रॅफाइट असलेलं ग्रीस नको, त्याने झीज वाढते.
३. सांध्यात पाणी साचू देऊ नका.

सोलरला मात्र मनाने चकत्या घालू नका, अर्थिंग तुटू शकतं आणि शॉकचा धोका असतो. मी पावसाळ्यानंतर पांढरी पावडर शोधतो; दिसली तर इलेक्ट्रिशियनला बोलावतो.