तूफान, चक्रीवादळ, यलो अलर्ट : हवामान खात्याच्या शब्दांचा अर्थ

हवामान खात्याचा कुठलाही इशारा आला की व्हॉट्सअॅपवर 'तूफान येतंय' एवढंच पुढे पाठवलं जातं. उर्दूत तूफान हा शब्द ऐसपैस आहे. नूह अलैहिस्सलाम यांच्या काळातला महापूरही तूफान आणि जोराचा वाराही तूफान. हवामान खात्याचे शब्द मात्र मोजमाप करून ठरवलेले आहेत.

समुद्रावर हवेचा दाब घटला की आधी कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं. वारे ताशी 31 किमीला पोहोचले की ते डिप्रेशन, 62 ला चक्रीवादळ, 89 ला तीव्र आणि 118 ला अतितीव्र चक्रीवादळ. नाव मिळतं ते चक्रीवादळ झाल्यावरच. 3 जून 2020 ला अलिबागजवळ धडकलेलं 'निसर्ग' तीव्र गटातलं होतं. त्याचं नाव बांगलादेशाने सुचवलेलं. तेव्हा कमी दाबाची बातमी म्हणजे लगेच वादळाची बातमी नव्हे, पुष्कळदा नुसता पाऊस पडतो.

उंबरमाळी, खर्डी, कसारा हा भाग समुद्रापासून आत आहे. जमिनीवर आलेल्या चक्रीवादळाचा जोर कमी होत जातो. पत्रे उडतात, झाडं पडतात, हे खरं. पण शेतात काम करणाऱ्याच्या जिवाला मोठा धोका वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजेचा, आणि तिचा इशारा अगदी साधा वाटतो : 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, यलो अलर्ट.' इथे तुरळक म्हणजे थोडासा पाऊस नाही. फार तर एक चतुर्थांश ठिकाणी पडेल, पण जिथे पडेल तिथे धो धो पडू शकतो. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे लगेच हालचाल करा. 'पुढील तीन तासांत' असं लिहिलेलं असेल तर तो इशारा ताजा. कालचा मेसेज पुढे ढकलू नका.

कुरआनच्या तेराव्या सूरेचं नाव अर्-रअद, म्हणजे मेघगर्जना. गडगडाट ऐकू आला याचा अर्थ वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकेल इतकी जवळ आहे. झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अॅप आसपासच्या विजांची सूचना देतं.

वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर करंट लागतो, हा समज चुकीचा आहे. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देत राहा आणि दुसऱ्याला 108 ला फोन करायला सांगा.