पाण्याची पाळी आणि मका

नाशिक जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास हा पुष्कळ अंशीं पाण्याच्या वांटणीचा इतिहास आहे. पश्चिमेस इगतपुरी-त्र्यंबकेश्वराकडे पर्जन्य मुक्तहस्तानें वर्षतो; पूर्वेस येवला, नांदगांव, मालेगांव इकडे वळलें कीं त्याचा हात आंखडतो. अशा प्रदेशांत पाणी किती, या प्रश्नाइतकाच पाणी केव्हां, हा प्रश्नहि जुना आहे.

बागलाण-कळवणच्या खोऱ्यांत त्याचें उत्तर फड पद्धतीनें दिलें. नदीवर बंधारा घालावा, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडावे, एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावें आणि पाटकऱ्यानें क्रमानें पाणी द्यावें, अशी ही कित्येक शतकांची रीत. पीक एकच असल्यामुळें फडाची तहानहि एकाच वेळीं लागे, हें तिचें मर्म. विसाव्या शतकाच्या आरंभीं नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा झाला, १९१६ सालीं दारणा धरण पुरें झालें आणि कालव्याखालच्या पाण्याच्या पाळ्या सरकारी खात्यांत ठरूं लागल्या.

मका हा या पिकांत उशिरां मोठा झालेला पाहुणा. तो मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानांत आला, असें सामान्यतः मानलें जातें. नाशिकच्या कोरडवाहू पट्ट्यांत मान होता बाजरीचा. १९५७ सालीं अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्प निघाला, १९६१ त पहिले संकरित वाण बाहेर पडले. पुढें कोंबड्यांच्या खाद्याची मागणी वाढली, तसा येवला-मालेगांवकडे बाजरीच्या जागीं मका डोलूं लागला. परंतु बाजरी थोडक्या पाण्यावर निभावते. मक्याचा स्वभाव निराळा.

पाण्याचा ताण पडतांच मका पर्णरंध्रें मिटतो आणि पानें सुरळीसारखीं गुंडाळतो. त्यानें बाष्प वांचतें, पण कर्बवायूहि अडतो व अन्न तयार होणें मंदावतें. खरा घात होतो तो तुऱ्याच्या वेळीं. कणसाचा एकेक रेशमी केस म्हणजे एकेक भावी दाणा. ताणांत तुरा बहुधा वेळेवर येतो, केस मात्र मागें राहतात. ते निघेपर्यंत पराग झडून गेलेला असतो. अमेरिकेंतील आयोवा येथें डेन्मीड व शॉ यांनीं १९६० सालीं दाखविलें कीं, केस येण्यापूर्वींच्या ताणानें उत्पन्न २५ टक्के व नंतरच्या ताणानें २१ टक्के घटलें. केस येतांनाच्या ताणानें मात्र ५० टक्के घटलें.

खताची गोष्टहि पाण्याशींच बांधलेली आहे. नत्र मुळांपर्यंत पोहोंचतें तें ओलाव्यांत विरघळून. कोरड्या मातींत टाकलेला युरिया पिकाच्या उपयोगीं पडत नाहीं. उलट आरंभींच ओलीवर भरपूर नत्र दिलें, तर पाला माजतो, आणि तोच पाला जमिनींतील ओल लौकर शोषून टाकतो. तुऱ्याच्या वेळीं शेत रिकामें. परंतु नत्र अजिबात आंखडलें, तर पानें पिवळीं पडून असलेलें पाणीहि फुकट जातें. म्हणून नत्राचे हप्ते करावे आणि प्रत्येक हप्ता ओलीवर द्यावा, हा नियम.

ज्याच्या विहिरींत एकाच पाळीचें पाणी उरलें आहे, त्यानें तें तुरा-केसांसाठींच राखावें. फडांतील पाटकरी वेळ ओळखूनच दार उघडीत असे. मक्याच्या शेतांतहि पाण्याचें मोल वेळेवरूनच ठरतें.