जागतिक सौंदर्यस्पर्धा आणि महाराष्ट्रातील स्पर्धक

जागतिक सौंदर्यस्पर्धा : निरनिराळ्या देशांनी निवडून पाठविलेल्या तरुणींतून दरवर्षी एकीला किताब देणारी आंतरराष्ट्रीय स्पर्धा. मिस वर्ल्ड (१९५१), मिस युनिव्हर्स (१९५२), मिस इंटरनॅशनल (१९६०) आणि मिस अर्थ (२००१) या चार स्पर्धा प्रमुख मानल्या जातात. विवाहित स्त्रियांसाठी मिसेस वर्ल्ड ही वेगळी स्पर्धा आहे. मिस वर्ल्डचा मुकुट पहिल्यांदा आशियात आणला तो १९६६ मध्ये मुंबईत वाढलेल्या वैद्यकीय विद्यार्थिनीने, रीता फारिया यांनी.

उगम : १९५१ मध्ये लंडनमध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ हा राष्ट्रीय महोत्सव भरला होता. त्यानिमित्त मेक्का या नृत्यगृहे चालविणाऱ्या कंपनीतील एरिक मोर्ले यांनी लायसियम सभागृहात बिकिनी घातलेल्या तरुणींची स्पर्धा घेतली. वृत्तपत्रांनी तिला ‘मिस वर्ल्ड’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. स्वीडनच्या किकी हाकन्सन पहिल्या विजेत्या ठरल्या. त्यांना बिकिनीतच मुकुट चढविला गेला. त्यावर टीका झाली आणि पुढे ती प्रथा बंद पडली. मिस युनिव्हर्सचा जन्मही पोहण्याच्या पोशाखाच्या वादातूनच झाला. मिस अमेरिका विजेत्या योलांड बेटबेझ यांनी तो पोशाख घालून जाहिरात करण्यास नकार दिला. तेव्हा पोशाख बनविणाऱ्या प्रायोजक कंपनीने मिस अमेरिकेचे प्रायोजकत्व सोडून कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे स्वतःची स्पर्धा उभी केली. तिच्या पहिल्याच वर्षी, १९५२ मध्ये, भारतातर्फे नर्तकी इंद्राणी रहमान गेल्या होत्या.

मराठी पार्श्वभूमी : पोहण्याच्या पोशाखाची चर्चा महाराष्ट्राला नवी नव्हती. आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या. सनातन्यांनी गहजब केला आणि चित्रपट तुफान चालला. पंचावन्न वर्षांनी, १९९३ मध्ये, त्यांची नात नम्रता शिरोडकर भारताची प्रतिनिधी म्हणून मेक्सिको सिटीतील मिस युनिव्हर्स स्पर्धेत उतरली आणि अखेरच्या सहा जणींत पोहोचली.

रीता फारिया : मूळच्या गोव्याच्या कुटुंबातील रीता फारिया मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. मिस बॉम्बे आणि त्यानंतर ‘ईव्हज वीकली’ साप्ताहिकाची मिस इंडिया असे टप्पे पार करून त्या लंडनला गेल्या. त्या काळी परकीय चलनावर कडक निर्बंध होते. उसने आणलेले कपडे आणि हाताशी अवघे तीन पौंड एवढ्या तयारीवर आपण निघालो होतो, असे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले. लायसियम सभागृहात १७ नोव्हेंबर १९६६ रोजी झालेल्या अंतिम फेरीत ५१ देशांच्या तरुणी होत्या. फारिया यांनी पोहण्याच्या पोशाखाचे आणि संध्याकाळच्या पोशाखाचे अशी दोन्ही पारितोषिके मिळविली. संध्याकाळच्या पोशाखाचे पारितोषिक त्यांना साडीत मिळाले. इतर देशांच्या झग्यांच्या रांगेत त्यांनी नेसलेले ते सहावारी वस्त्र घरी रोज नेसले जाणारे होते, हे विसरता कामा नये. युगोस्लाव्हियाच्या निकिका मारिनोविच दुसऱ्या आल्या.

विजेतीने वर्षभर स्पर्धेसाठी फिरायचे, असा करार असे. त्यानुसार डिसेंबर १९६६ मध्ये फारिया विनोदी नट बॉब होप यांच्या ताफ्यासोबत व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांपुढे गेल्या. भारताचे धोरण अलिप्ततेचे असल्याने त्यावरून देशात वादळ उठले. करार संपताच त्यांनी चित्रपट आणि मॉडेलिंगच्या वाटेला न जाता शिक्षण पुरे केले आणि लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये पुढील प्रशिक्षण घेतले. १९७१ मध्ये त्यांनी डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशी विवाह केला. १९७३ पासून डब्लिनमध्ये स्थायिक होऊन त्यांनी वैद्यकीय व्यवसाय केला. मुकुट हा आयुष्यातला एक वर्षाचा टप्पा मानून आपल्या कामाकडे परतणाऱ्या विजेत्या विरळाच. त्यांत पहिले नाव फारिया यांचे घ्यावे लागते.

त्याच ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९९७ मध्ये एम.बी.बी.एस. झालेल्या, पनवेलच्या डॉ. अदिती गोवित्रीकर २००१ मध्ये मिसेस वर्ल्ड झाल्या. हा किताब मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. यानंतर भारताकडे तो थेट २०२२ मध्ये, सरगम कौशल यांच्या रूपाने आला.

मधू सप्रे : नागपूरच्या मधू सप्रे मूळच्या खेळाडू. १९९२ मध्ये बँकॉकच्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत त्या अखेरच्या तिघींत होत्या. देशाची सत्ता हाती आली तर प्रथम काय कराल, असा प्रश्न त्यांना आला. आपण खेळाच्या सोयी उभारू, मोठे क्रीडांगण बांधू, असे त्यांनी सांगितले. दारिद्र्य दूर करण्याची घोषणा परीक्षकांना अपेक्षित होती आणि या उत्तराने मुकुट हुकला, असे तेव्हापासून बोलले जाते. नामिबियाच्या मिशेल मॅकलिन जिंकल्या, कोलंबियाच्या पाओला तुर्बाय दुसऱ्या आणि सप्रे तिसऱ्या आल्या. मैदानावर घडलेल्या मुलीने दिलेले ते प्रामाणिक उत्तर होते. पाठ केलेल्या उदात्त वाक्यापेक्षा त्याचे मोल कमी ठरावे, ही अशा परीक्षांची मोठी उणीव आहे.

भारताचे यश : मे १९९४ मध्ये मनिला येथे सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाल्या. राय यांचे शिक्षण मुंबईत झाले. त्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. पुढे डायना हेडन (१९९७), मुंबईत शिकलेल्या युक्ता मुखी (१९९९), प्रियांका चोप्रा (२०००) आणि वैद्यकीय विद्यार्थिनी मानुषी छिल्लर (२०१७) यांनी मिस वर्ल्ड जिंकली. सहा किताबांसह भारत व्हेनेझुएलाच्या बरोबरीने पहिल्या स्थानावर आहे. मिस युनिव्हर्सचा किताब सेन यांच्यानंतर लारा दत्ता (२०००) आणि हरनाझ संधू (२०२१) यांना मिळाला. नव्वदीच्या दशकात बाजारपेठ खुली झाली आणि परदेशी सौंदर्यप्रसाधने भारतात आली. याच काळात किताबांची रांग लागली, याकडे टीकाकार वारंवार लक्ष वेधतात.

विरोध : लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये १९७० ची मिस वर्ल्ड स्पर्धा सुरू असताना स्त्रीमुक्ती कार्यकर्त्यांनी पिठाच्या पिशव्या फेकून कार्यक्रम थांबविला. जनावरांच्या बाजारासारखी बायकांची पारख चालते, हा त्यांचा आक्षेप होता. भारतात १९९६ मध्ये बंगळूरला हीच स्पर्धा भरली तेव्हा स्त्री संघटना, शेतकरी संघटना आणि संस्कृतिरक्षक अशा परस्परविरोधी गटांनी तिला विरोध केला. पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर हलवावी लागली. २३ नोव्हेंबरला कडक बंदोबस्तात अंतिम सोहळा पार पडला आणि ग्रीसच्या इरीन स्क्लिव्हा विजयी झाल्या. यजमान असलेली अमिताभ बच्चन यांची एबीसीएल कंपनी या सोहळ्यानंतर आर्थिक अडचणीत सापडली.

बदलते नियम : या टीकेचा परिणाम सावकाश पण निश्चित झाला. मिस वर्ल्डमध्ये एरिक मोर्ले यांच्या पत्नी ज्युलिया मोर्ले यांनी १९७२ मध्ये सामाजिक कामाची जोड देणारे ‘ब्यूटी विथ अ पर्पज’ हे सूत्र आणले. आता प्रत्येक स्पर्धकाला एखादा उपक्रम मांडावा लागतो. मानुषी छिल्लर यांचा उपक्रम मासिक पाळीतील स्वच्छतेविषयी होता. मिस वर्ल्डने पोहण्याच्या पोशाखाची फेरी २०१५ पासून वगळली. मिस युनिव्हर्सने २०२३ पासून विवाहित स्त्रिया व मातांना प्रवेश दिला आणि २०२४ पासून वयाची वरची मर्यादा काढून टाकली.

निवड : भारतात ‘फेमिना’ नियतकालिकाची १९६४ मध्ये सुरू झालेली मिस इंडिया स्पर्धा हा मिस वर्ल्डला जाण्याचा मुख्य मार्ग आहे. २०१७ पासून तिथे राज्यवार प्रतिनिधी निवडले जातात. त्यामुळे धुळे किंवा जळगावच्या मुलीला महाराष्ट्राची प्रतिनिधी म्हणून मंचावर उभे राहता येते. मात्र इंग्रजी संभाषण, पोशाख, छायाचित्रे आणि मुंबईतील मुक्काम यांचा खर्च घरानेच सोसावा लागतो. छोट्या शहरातील मुलीपुढची खरी अडचण ही आहे, रूपाची नव्हे.

अलीकडील आयोजन : अठ्ठावीस वर्षांनी मिस वर्ल्ड भारतात परतली ती मुंबईत. ९ मार्च २०२४ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील सोहळ्यात चेकियाच्या क्रिस्टिना पिश्कोव्हा विजयी झाल्या. मुंबईत जन्मलेल्या सिनी शेट्टी अखेरच्या आठ जणींत होत्या. पुढच्याच वर्षी, ३१ मे २०२५ रोजी, हैदराबादला थायलंडच्या ओपल सुचाता चुआंगश्री यांनी किताब मिळविला. तिथे प्रत्येक खंडातून दहा अशा चाळीस, मग वीस, आठ आणि शेवटी चार स्पर्धक उरल्या. खंडवार वाटणीमुळे शेवटच्या चौघींत आशिया, आफ्रिका, युरोप आणि अमेरिका अशा चारही विभागांना जागा मिळाली.