दोन कुडे आणि एक अल्कलॉइड

शहापूर-मुरबाडच्या रानात उन्हाळ्याच्या अखेरीस पांढऱ्या फुलांचे झुपके मिरवणारा कुडा विद्यार्थ्यांना सहज दाखवता येतो. ठाकूर-कातकरी घरांत त्याच्या फुलांची भाजी होते आणि हगवणीवर सालीचा काढा देतात. पण कुडे दोन आहेत. दोघांनाही पांढरा चीक, दोघांनाही जोडशेंगा. पांढऱ्या कुड्याच्या शेंगांची टोके सुटी असतात, काळ्या कुड्याची मात्र जुळलेली. पांढऱ्याचे बी, म्हणजे इंद्रजव, चांगलेच कडू. (वर्गात चव घेऊन ओळखू नये, शेंगांची टोके पाहणे पुरे.)

रानातल्या माणसाला जो फरक चटकन कळतो, तो युरोपच्या औषधबाजाराला कळला नाही. पांढऱ्याच्या नावाखाली काळ्याची निरुपयोगी साल विकली जाई. गुण येईना, तेव्हा खरी सालही बदनाम झाली. १८१० च्या सुमारास रॉबर्ट ब्राऊनने होलॅऱ्हीना आणि राइटिया या दोन प्रजाती वेगळ्या केल्या, तरी घोळ मिटला नाही.

१८५८ मध्ये मुंबईच्या हेन्स यांनी पांढऱ्या कुड्याच्या सालीतून एक अल्कलॉइड वेगळे केले. तेच कोनेसीन. सहा वर्षांनी स्टेनहाऊस यांना बियांतून तेच द्रव्य मिळाले. पण त्यांनी बिया राइटियाच्या समजल्या आणि द्रव्याला नाव दिले राइटीन! एकाच रेणूची दोन नावे झाली, ती झाड ओळखण्यातल्या चुकीमुळे.

अल्कलॉइड वेगळे करण्याचे तत्त्व शालेय रसायनशास्त्रातलेच आहे. नायट्रोजनमुळे ते आम्लारीधर्मी असते. आम्लात त्याचा क्षार बनून विरघळतो आणि अल्क घातले की मूळ द्रव्य पुन्हा सुटे होते. रचना समजायला मात्र फार काळ गेला. कोनेसीनच्या रेणूत २४ कार्बन, ४० हायड्रोजन आणि २ नायट्रोजन अणू असतात, आणि त्याचा सांगाडा स्टेरॉइडचा आहे. १९३० च्या दशकात दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी याच सालीतून आणखी काही अल्कलॉइडे मिळवली. १९६२ मध्ये कोनेसीनचे संपूर्ण संश्लेषण झाले.

अमीबाजन्य आमांशावर कुड्याची औषधे काही काळ वापरात होती. १९६० नंतर मेट्रोनिडॅझोल आले आणि ती मागे पडली. पण २००८ मध्ये कोनेसीनचा एक निराळाच गुण प्रसिद्ध झाला. मेंदूतील हिस्टामिनच्या एच-३ ग्राहीला ते अडवते. पोटाच्या दुखण्यासाठी कुटली जाणारी साल अशी मेंदूच्या संशोधकांच्या टेबलावर पोचली.