दहा हजार फुटांखालचा आकडा

घरच्या संगणकावर विमान चालवणाऱ्या हौशी मंडळींपैकी मी एक. १०,००० फुटांखाली उतरताना वेग २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या आत आणायचा, हे आम्हांला पाढ्यासारखे पाठ असते. हा आकडा यंत्राच्या मर्यादेतून आलेला नाही. त्यामागे अमेरिकेतले दोन अपघात आहेत.

१६ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कवर युनायटेडचे डीसी-८ जेट आणि टीडब्ल्यूएचे पंख्यांचे सुपर कॉन्स्टेलेशन यांची टक्कर झाली. घिरट्या घालत थांबण्यासाठी नेमून दिलेली जागा ओलांडून जेट पुढे आले होते, तेही सुमारे ३०० नॉट वेगाने. १३४ माणसे गेली. त्यांतली ६ ब्रुकलिनमध्ये जमिनीवर होती. त्यानंतर विमानतळाच्या परिसरापुरती वेगमर्यादा आली.

ती अपुरी होती. ९ मार्च १९६७ रोजी ओहायोतल्या अर्बानाजवळ, डेटनला उतरू पाहणारे डीसी-९ एका छोट्या बीचक्राफ्ट बॅरनवर आदळले. २६ बळी गेले. जेटचा वेग होता ३२३ नॉट, सेकंदाला १६६ मीटर. समोरचे विमान पाहून टाळायचे, हा खालच्या आकाशातला शिरस्ता. पण या वेगात नजरेला सवडच मिळत नाही. मग १०,००० फुटांखाली सर्वत्र २५० नॉटची मर्यादा लागू झाली. या वेगाला सेकंदाला १२९ मीटर अंतर कापले जाते.

पडद्यावर आदळलेले विमान पुन्हा उडवता येते. म्हणूनच हा आकडा पाळताना त्यामागची १६० माणसे आम्हां हौशींनाही ठाऊक असावीत.