नोंदलेला रंग आणि कल्पिलेला रंग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील माणसांचे स्मरण करू लागले, की ती मनश्चक्षूंपुढे करड्या अथवा तपकिरी छटेत उभी राहतात. पेशवाईचे तसे होत नाही. तिचे छायाचित्रच नसल्यामुळे तिला रंग देण्यास आपली कल्पना मोकळी असते. म्हणजे अधिक दूरचा काळ रंगीत आणि अलीकडचा मात्र विवर्ण, असा हा विपरीत प्रकार आहे. छायाचित्राने भूतकाळ जवळ आणला, पण आणताना त्याचा रंग काढून घेतला. आणि तोही सारख्या न्यायाने नव्हे. आरंभीच्या प्लेटी मुख्यत्वे निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत, तांबड्याला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळे निळे आकाश पांढरे पडे आणि तांबडे वस्त्र काळवंडे. आपल्याकडील जुन्या छायाचित्रांत कपाळीचे कुंकू काळ्या टिकलीसारखे दिसते ते ह्याच कारणाने. करडा रंग हा रंगाचा अभाव नसून रंगाचे एक सदोष भाषांतर होय.

ह्या काळातील जी थोडी खरीखुरी रंगीत छायाचित्रे उपलब्ध आहेत, त्यांतील रंगाला इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत मान द्यावा, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्याने १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका चौकटीदार फितीचे रंगीत चित्र पडद्यावर दाखविले. टॉमस सटन ह्याने त्या फितीची छायाचित्रे तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून निरनिराळी घेतली होती. त्याच रंगांच्या प्रकाशात ती एकमेकांवर टाकताच फितीचे रंग प्रकट झाले. आता, सटनच्या प्लेटींना तांबडा प्रकाश कळतच नव्हता, तर तांबडा रंग आला कोठून? ह्याचा उलगडा पुढे शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये झाला. तांबडी गाळणी दृष्टीस न दिसणारे जंबुपार किरणही आत सोडीत होती, आणि फितीचा तांबडा भाग नेमके तेच किरण परावर्तित करीत होता. उत्तर बरोबर, पण रीत चुकलेली! साक्षीदार खरे बोलला तरी ते त्याने स्वतः पाहिले होते काय, हे तपासावेच लागते.

ह्या तपासणीला सर्वांत अनुकूल असा संग्रह म्हणजे सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की ह्या रशियन रसायनज्ञ छायाचित्रकाराचा होय. १९०२ मध्ये बर्लिन येथे आडोल्फ मीटे ह्यांच्याकडे त्याने ह्या विद्येचा अभ्यास केला. मीटे ह्यांनी तोवर तांबड्यासह सर्व रंगांना जागी असणारी प्लेट सिद्ध करण्यात यश मिळविले होते. १९०८ मध्ये त्याने टॉल्स्टॉयचे रंगीत छायाचित्र घेतले. १९०९ मध्ये झारची भेट झाली, आणि साम्राज्याची रंगीत नोंद करण्यासाठी त्याला काळोखी खोली असलेला रेल्वेचा डबा व प्रवासाचे परवाने मिळाले. १९१५ पर्यंत तो हिंडत राहिला. क्रांतीनंतर १९१८ मध्ये त्याने देश सोडला व १९४४ मध्ये पॅरिस येथे त्याचे निधन झाले. त्याच्या संग्रहातील १,९०२ निगेटिव्ह व छापील चित्रांचे अल्बम वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाने १९४८ मध्ये त्याच्या वारसांकडून विकत घेतले.

ह्या काचांत रंग नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एका उभ्या काचेवर एकाच दृश्याच्या तीन करड्या प्रतिमा आहेत: निळ्या, हिरव्या व तांबड्या गाळणीतून लागोपाठ घेतलेल्या. रंग लिहिलेला आहे, दिसत नाही. तो वाचावा लागतो. लिपीत ध्वनी नसतो, तथापि उच्चाराची खूण असते, तशातला हा प्रकार आहे. बुखाऱ्याच्या अमीराचा निळा झगा असा वाचूनच आपणांस दिसतो. तिन्ही प्रतिमांमध्ये काही क्षणांचे अंतर असल्यामुळे वाहत्या पाण्यावर रंगीबेरंगी कडा उमटतात, आणि मध्येच हललेल्या माणसाभोवती तांबडी वा हिरवी झालर दिसते. पाहणाऱ्यास हा दोष वाटेल. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र तीन साक्षी स्वतंत्रपणे घेतल्या गेल्याची ती निशाणी आहे.

लुमिएर बंधूंची ऑटोक्रोम प्लेट १९०७ मध्ये बाजारात आली. तिच्यात बटाट्याच्या पिष्टाचे नारिंगी, हिरवे व जांभळे रंगविलेले सूक्ष्म कण काचेवर पसरून त्यांवर प्रकाशसंवेदी लेप दिलेला असे. आल्बेर कान ह्या फ्रेंच धनिकाने १९०९ पासून सुमारे बावीस वर्षे जगाच्या नाना भागांत छायाचित्रकार पाठवून अशा सुमारे ७२,००० प्लेटी जमविल्या. त्यांपैकी स्तेफान पासे १९१३-१४ मध्ये भारतातही येऊन गेला. येथे गाळणी आणि प्रतिमा एकाच काचेत बांधलेल्या असल्याने साक्षी वेगळ्या काढता येत नाहीत. शिवाय काचेला ओल लागली, तर कणांचा रंग पसरून हिरवे डाग पडतात. हाही पुरावाच, पण अधिक जपून घ्यावयाचा.

छायाचित्रापूर्वीच्या काळाच्या रंगासंबंधी आपणांस चित्रे, वस्त्रे व शब्द ह्यांवरच विसंबावे लागते. त्यांत शब्द फार निसरडे आहेत. संस्कृतातील ‘नील’ गडद निळ्यापासून काळ्यापर्यंत पसरतो; वैदिक ‘हरि’ पिवळा, पिंगट व हिरवा ह्या तिघांनाही पुरतो. होमरच्या काव्यात निळ्याची नावे विरळ आढळतात असे ग्लॅडस्टनने १८५८ मध्ये दाखविले. त्यावरून ग्रीकांची रंगदृष्टीच अपुरी होती असा तर्क निघाला; तो टिकला नाही. शब्दाची मर्यादा ती नेत्राची मर्यादा नव्हे. अमीराचा झगा ‘निळा’ म्हटल्याने कोणता निळा हे कळत नाही. काच ते बरेचसे सांगते.

अलीकडे जुन्या करड्या छायाचित्रांना संगणकाकरवी रंग चढविण्याची प्रथा वाढली आहे. तिचे आकर्षण समजण्याजोगे आहे, तथापि तिच्या स्वरूपाविषयी संभ्रम असता कामा नये. तांबडे व हिरवे वस्त्र एकाच करड्या छटेत उतरू शकते; त्या छटेवरून मूळ रंगाकडे परतण्याचा निश्चित मार्ग नाही. यंत्र इतर असंख्य चित्रांवरून संभवनीय रंग निवडते, म्हणजे जे नित्य आढळते तेच पुन्हा भरते. आपल्या जुन्या स्टुडिओंतील चितारी छायाचित्रावर रंग चढवीत, पण तेथे कुंचल्याचा फटकारा दिसत असे. येथे तर्क नोंदीचाच वेष धारण करतो. ह्याउलट, अनपेक्षित रंग आढळणे ह्यातच पुराव्याचे मोल असते.

पाठचिकित्सेने ह्यावर तोड काढलेली आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जो पाठ पुरेसा निश्चित नाही त्याखाली नागमोडी रेघ असते. वाचकाला श्लोक सलग वाचता येतो, आणि संपादकाचा हात कोठे डळमळला हेही कळते. रंगविलेल्या छायाचित्राखाली अशी रेघ कोणी ओढीत नाही.

प्रोकुदिन-गोर्स्कीच्या अल्बमांत अशीही काही चित्रे आहेत की ज्यांच्या काचा हरवल्या आणि एकरंगी छापील प्रत तेवढी उरली. त्याच प्रवासांतली, त्याच कॅमेऱ्याची, एकेकाळी तीन साक्षींनिशी नोंदलेली ही दृश्ये आज आपल्याकडील कोणत्याही जुन्या करड्या छायाचित्राच्याच पायरीवर आहेत. त्यांस रंग द्यावयाचाच असेल तर तो कल्पिलेला म्हणून स्वतंत्र प्रतीवर द्यावा, आणि सूचीत मूळ प्रत करडीच नोंदवावी.