जॅसिंडा आर्डर्न आणि न्यूझीलंडचा बंदूक कायदा: काय बदलले, कोण नाराज झाले

जॅसिंडा आर्डर्न म्हटले की आपल्या घरांत एकच चित्र आठवते. डोक्यावर काळा दुपट्टा घेऊन शहिदांच्या घरच्यांना भेटणाऱ्या न्यूझीलंडच्या पंतप्रधान. तो फोटो मोबाइलवर फिरला, आपण दुआ दिली आणि कामाला लागलो. पण राजकारण्याचा हिशेब फोटोवरून मांडायचा नसतो, त्याने कोणता कायदा केला यावरून मांडायचा असतो. म्हणून आज आम्ही आर्डर्न यांच्या बंदूक कायद्याची माहिती देत आहोत, आणि त्यावर तिथल्या बंदूकधारकांनी काय म्हटले तेही सांगत आहोत.

घटना थोडक्यात

१५ मार्च २०१९, जुम्याचा दिवस. क्राइस्टचर्च शहरातील अल नूर मस्जिद आणि लिनवूड इस्लामिक सेंटर येथे एका ऑस्ट्रेलियन माणसाने नमाजींवर गोळीबार केला. ५१ जण शहीद झाले. त्यांत गुजरात, तेलंगणा आणि केरळमधून तिथे गेलेले आपले भारतीयही होते. ऑगस्ट २०२० मध्ये हल्लेखोराला पॅरोलशिवाय जन्मठेप झाली. त्या देशात अशी शिक्षा याआधी कोणालाच झाली नव्हती. त्याचे नाव आपण कधीही उच्चारणार नाही, असे आर्डर्न यांनी संसदेत सांगितले होते. आम्हीही इथे ते लिहीत नाही.

जुना कायदा कुठे कमी पडला

आपल्याकडे बंदुकीचा परवाना काढला की त्यावर त्या बंदुकीची नोंद होते. निवडणूक आली की अनेक परवानाधारकांना आपले शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. न्यूझीलंडची पद्धत निराळी होती. १९८३ च्या कायद्याने परवाना माणसाला दिला जाई. एकदा माणूस लायक ठरला की त्याच्याकडे किती साध्या बंदुका आहेत याची सरकारदरबारी नोंदच नसे. पन्नास लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात सुमारे अडीच लाख परवानाधारक होते, आणि बंदुका बारा लाखांहून जास्त असाव्यात असा अंदाज होता.

मात्र हा देश काही बंदुकीच्या नादाने वेडा झालेला नाही. स्वतःच्या बचावासाठी म्हणून तिथे परवाना मिळत नाही. ससे, पोसम, रानबकऱ्या शेताची आणि जंगलाची नासधूस करतात, म्हणून शेतकऱ्याकडे बंदूक असते. हरणाच्या शिकारीचा छंदही जुना आहे.

खरी फट पुढे होती. साध्या परवान्यावर अर्धस्वयंचलित रायफल घेता येत असे, फक्त तिला सात गोळ्यांपर्यंतचेच मॅगझिन लावायचे. मोठे मॅगझिन लावले की ती लष्करी धाटणीची ठरे आणि तिच्यासाठी वेगळी मंजुरी लागे. पण मोठे मॅगझिन विकत घ्यायला परवाना लागतच नव्हता! हल्लेखोराने नोव्हेंबर २०१७ मध्ये साधा परवाना काढला आणि याच फटीतून तो आत शिरला.

ही फट कोणाला माहीत नव्हती असेही नाही. १९९० मध्ये अरामोआना गावात एका बंदूकधाऱ्याने १३ जणांना मारले, त्यानंतर १९९२ मध्ये कायदा थोडा कडक झाला. १९९७ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती थॉर्प यांच्या अहवालाने प्रत्येक बंदुकीची नोंदणी करा आणि लष्करी धाटणीच्या रायफलींवर बंदी घाला, असे सुचवले. अहवाल बासनात गेला. २०१७ मध्ये संसदीय समितीने पुन्हा शिफारशी केल्या, त्यांतल्या बहुतेक त्या वेळच्या सरकारने नाकारल्या.

सव्वीस दिवसांत कायदा

हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आर्डर्न यांनी बंदूक कायदा बदलणार असे जाहीर केले. २१ मार्चला बंदीची घोषणा झाली आणि त्याच दिवशी या बंदुका वेगळ्या वर्गात टाकून त्यांची नवी खरेदी रोखली. १० एप्रिलला संसदेने ११९ विरुद्ध १ मताने कायदा मंजूर केला. विरोधी नॅशनल पक्षही सोबत होता. एकमेव विरोधी मत एसीटी पक्षाचे डेव्हिड सीमोर यांचे.

बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुका, मोठी मॅगझिन आणि बंदुकीचे रूप पालटणारे सुटे भाग यांवर बंदी आली. दहा गोळ्यांपर्यंतच्या लहान पॉइंट टू-टू रायफली आणि पाच गोळ्यांपर्यंतच्या काही शॉटगन यांना सूट राहिली. उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांना खास परवानगीची वाट ठेवली.

लोकांनी विकत घेतलेली वस्तू सरकारने फुकट घेतली नाही. जुलै ते २० डिसेंबर २०१९ या काळात पोलिसांनी ठिकठिकाणी शिबिरे लावली. बंदूक नव्यासारखी असेल तर मूळ दराच्या ९५ टक्के, वापरलेली असेल तर ७० टक्के आणि खराब असेल तर २५ टक्के रक्कम मिळाली. मुदत संपली तेव्हा सुमारे ५६ हजार बंदुका जमा झाल्या होत्या. खर्च १० कोटी न्यूझीलंड डॉलरच्या वर गेला. मात्र मुळात नोंदच नसल्यामुळे बंदी घातलेल्या किती बंदुका बाहेर राहिल्या, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकले नाही.

बंदूकधारक काय म्हणाले

सगळे एका सुरात बोलले असे नाही. काही शेतकऱ्यांनी कायदा होण्याआधीच आपली रायफल पोलिसांच्या हवाली केली. शेतकऱ्यांची मोठी संघटना फेडरेटेड फार्मर्स हिने, आमच्या काही सभासदांना हे रुचणार नाही असे मान्य करूनही, बंदीला पाठिंबा दिला.

परवानाधारकांची संघटना कोल्फो मात्र विरोधात उभी राहिली. तिने वर्गणी गोळा केली, भरपाईच्या नियमांवरून कोर्टाची पायरी चढली. विधेयकावर म्हणणे मांडायला जनतेला जेमतेम दोन दिवस मिळाले ही तक्रार होती, आणि ती खरीच होती. तेवढ्या वेळातही सुमारे १३ हजार लेखी निवेदने आली. डिसेंबरमध्ये पोलिसांच्या ऑनलाइन यंत्रणेतील बंदूकधारकांची खासगी माहिती उघडी पडली, तेव्हा नोंदणीवरचा अविश्वास आणखी वाढला.

त्यांची सगळ्यात मोठी तक्रार अशी: गुन्हा एकाने केला, मग कायदा पाळणाऱ्या आम्हा सगळ्यांना शिक्षा का?

आम्ही हा विषय शाळेत काढला तेव्हा नववीतला एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, हे तर आपण म्हणतो!" वर्ग हसला, पण मुलाने नेमक्या जागी बोट ठेवले होते. कुठे काही घडले की एकाच्या करणीचा जाब सगळ्या कौमला विचारला जातो, हे आपण रोज सोसतो. म्हणून दुसऱ्याने तेच म्हटले तर ते उडवून लावणे आपल्याला शोभत नाही.

तरी दोन्हींत फरक आहे, आणि तो आम्ही मुलांना असा समजावला. एखाद्याच्या जातीमुळे किंवा धर्मामुळे त्याच्याकडे संशयाने पाहणे म्हणजे माणसालाच आरोपी करणे. या कायद्याने शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवले नाही, त्याची साधी बंदूकही काढून घेतली नाही. मिनिटभरात डझनावारी जीव घेणारी वस्तू बाजारातून हटवली आणि तिचे पैसे दिले. हा मुद्दा बंदूकधारकांना समजावून सांगायला सरकारने जास्त वेळ दिला असता, तर पुढची कटुता कदाचित कमी झाली असती.

दुसरा कायदा आणि पुढचे राजकारण

१८ जून २०२० रोजी दुसरा कायदा झाला. प्रत्येक बंदुकीची नोंदणी, पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला दहाऐवजी पाच वर्षांची मुदत, शूटिंग क्लबवर नियम. या वेळी मते पडली ६२ विरुद्ध ५७. वर्षभरापूर्वीची एकी संपली होती.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत आर्डर्न यांच्या लेबर पक्षाला १२० पैकी ६५ जागा मिळाल्या. एसीटी पक्ष एका जागेवरून दहावर गेला, आणि त्याच्या नव्या खासदारांत कोल्फोच्या प्रवक्त्या निकोल मॅकी होत्या. २०२३ मध्ये सत्ता बदलल्यावर शस्त्रविषयक मंत्रिपद मॅकी यांच्याकडेच गेले आणि शस्त्र कायदा नव्याने लिहिण्याचे काम सुरू झाले. आर्डर्न यांनी जानेवारी २०२३ मध्येच पद सोडले होते. त्यांना आलेल्या धमक्यांमागे कोविड लशीच्या विरोधाबरोबर बंदूक कायद्याचा रागही होता, असे पोलिसांचे म्हणणे होते.

हिशेब

डिसेंबर २०२० मध्ये रॉयल कमिशनचा अहवाल आला. हल्लेखोराला ओळखणारा जवळचा नातेवाईक न गाठता, ऑनलाइन खेळातल्या मित्राच्या आणि त्या मित्राच्या पालकाच्या शब्दावर पोलिसांनी परवाना दिला होता. सुरक्षा यंत्रणांचे लक्ष मुसलमानांकडून असलेल्या धोक्यावरच गरजेपेक्षा जास्त होते, हेही आयोगाने नोंदवले. आर्डर्न यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली.

कायद्याने सगळे गुन्हे थांबले असेही नाही. जुलै २०२३ मध्ये ऑकलंडला एका माणसाने दोघांना गोळ्या घातल्या. त्याच्याकडे परवाना नव्हता. परवानाधारकाने घेतलेली बंदूक चोरवाटेने टोळ्यांकडे जाऊ नये म्हणूनच नोंदणी हवी, असे तिचे समर्थक सांगतात. ती जून २०२३ मध्ये सुरू झाली, म्हणजे थॉर्प अहवालानंतर २६ वर्षांनी.

बंदीचा कायदा २६ दिवसांत झाला, नोंदणीला २६ वर्षे लागली. आर्डर्न यांनी हिंमत दाखवली याची दाद द्यावीच. पण १९९७ चा अहवाल वेळीच अमलात आला असता, तर त्या जुम्याला हल्लेखोराच्या हाती ती रायफल इतक्या सहज आली नसती. शहिदांच्या घरच्यांचा हा सवाल एकट्या आर्डर्न यांना नाही, त्यांच्या आधीच्या प्रत्येक सरकारला आहे.